सरबताच्या यंत्राची नळी कोण धुतो ?

पाहुण्याच्या हातीं पाण्याचा पेला देण्यापूर्वीं तो आंतून एकदां पाहून घ्यावा, ही आपल्या घरांतील संवय इतकी जुनी आहे कीं, ती आपणांस कोणी शिकविली हें कोणालाच सांगतां यावयाचें नाहीं. भांडें डोळ्यांना दिसतें, हाताला लागतें, नाकाशीं नेतां येतें. म्हणून त्याच्या स्वच्छतेची परीक्षा घरांतील दहा वर्षांची मुलगीही करूं शकते. परंतु हल्लीं प्रवासाला निघालें म्हणजे ज्या यंत्रांतून आपण सरबत, सोडा किंवा थंड चहा घेतों, त्यांत पेला तेवढा आपल्याला दिसतो. पेय ज्या वाटेनें पेल्यापर्यंत येतें ती वाट, म्हणजे यंत्राच्या पोटांतील नळी, गिऱ्हाइकालाही दिसत नाहीं आणि मालकालाही दिसत नाहीं. ती कोण धुतो, केव्हां धुतो, आणि ती खरोखरच धुतली गेली हें कशावरून समजावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

विचाराला कांहीं तरी ठिकाण हवें, म्हणून आम्हीं तारकर्ली निवडली आहे. मालवणच्या दक्षिणेस सहा-सात किलोमीटरांवर, एका अंगास अरबी समुद्र व दुसऱ्या अंगास कर्ली नदी अशा वाळूच्या पट्ट्यावर वसलेलें हें गांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ सालीं पर्यटन-जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हांपासून येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासाच्या जोडीला घरोघरीं निवास-न्याहारीची सोय झाली आहे, आणि समुद्रांत बुडी मारण्याचें शास्त्रोक्त शिक्षण देणारी महामंडळाची संस्थाही आहे. बुडी मारून वर आलेल्या माणसाच्या श्वासाची नळी व तिची झडप गोड्या पाण्यांत बुडवून धुण्याचा नियम आहे. मीठ वाळून झडप अडकली तर पुढच्या बुडीला जिवाशीं गांठ, हें पाणबुड्यांना पक्कें ठाऊक असतें. सरबताच्या नळींत जें सांचतें त्यानें कोणाचा श्वास तत्काळ कोंडत नाहीं. पोट बिघडेल तें दुसऱ्या दिवशीं, बहुधा परतीच्या गाडींत. आणि दोष जाईल तो माशांच्या कालवणाला किंवा उन्हाला. एका नळीची काळजी आणि दुसरीची हेळसांड, याचें कारण एवढेंच आहे.

नळी व भांडें यांत फरक काय, हें आंकड्यांनींच चांगलें समजतें. सहा मिलिमीटर पोकळीची दहा मीटर लांब नळी घेतली, तर तींत सुमारें २८० मिलिलिटर पेय मावतें; म्हणजे एक मोठा पेलाभर. याचा पहिला अर्थ असा कीं, सकाळीं यंत्रांतून निघणारा पहिला पेला हा रात्रभर नळींत उभा राहिलेला असतो. दुसरा अर्थ याहून महत्त्वाचा आहे. तेवढेंच पेय सात सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यांत ओतलें तर तें पेल्याच्या सुमारें २०० चौरस सेंटिमीटर भागाला स्पर्श करतें. नळींत मात्र तें जवळजवळ १,९०० चौरस सेंटिमीटर भागाला स्पर्श करतें. घांसावयाची जागा नऊपटींहून अधिक, आणि हात घालावयाला वाट मुळींच नाहीं !

या जागेवर काय वाढतें, तें पाहूं. माठ चार दिवस न घांसतां भरीत गेलें म्हणजे आंतून तो बुळबुळीत लागतो, हें सर्वांस माहीत आहे. हा बुळबुळीतपणा म्हणजे नुसता मळ नव्हे. ती सूक्ष्म जंतूंची वसाहत असते. जंतू प्रथम भिंतीला चिकटतात, मग आपल्याभोंवतीं चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आश्रयानें वाढतात. लेवेन्हुक या डच गृहस्थानें १६८३ सालीं दांतांवरचें किटण आपल्या भिंगाखालीं धरून असलींच प्राण्यांची गर्दी पाहिली होती. आज शास्त्रज्ञ या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याचा वाईट गुण असा कीं, पाण्यांत सुटे पोहणारे जंतू ज्या औषधानें सहज मरतात, त्याच औषधाला हे आवरणाखालचे जंतू दाद देत नाहींत. म्हणून नळींतून क्लोरिनचें पाणी सोडलें कीं काम झालें, ही समजूत चुकीची आहे. आधीं थर सुटला पाहिजे, मग जंतू मारावयाचे. भांडें आधीं घांसतात, मग उकळत्या पाण्यांत घालतात. खरकट्यावर उकळतें पाणी ओतून कोणी समाधान मानीत नाहीं.

हें भय कल्पनेंतलें नाहीं. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत सोड्याच्या तीस यंत्रांमधून नव्वद नमुने घेऊन तपासण्यांत आले व ती तपासणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ४८ टक्के नमुन्यांत कोलिफॉर्म जातीचे जंतू सांपडले. हे जंतू सांपडणें ही स्वच्छतेंत कोठें तरी खोट असल्याची खूण समजतात. ज्या देशांत निर्जंतुकतेचा एवढा गवगवा आहे तेथें ही स्थिति, तर कोंकणांतील मे महिन्याच्या उकाड्यांत काय व्हावें, याचा तर्क वाचकांनींच करावा. आपल्याकडे कायदा नाहीं असें मात्र नव्हे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांच्या चौथ्या परिशिष्टांत अन्नाशीं संबंध येणारीं भांडीं व यंत्रें स्वच्छ ठेवण्याविषयीं स्पष्ट नियम आहेत. पण निरीक्षक आला तरी त्यालाही नळीच्या आंत पाहतां येत नाहीं.

नळ्या धुण्याचें शास्त्र ज्यांनीं प्रथम नीट बसविलें ते दोन धंदे म्हणजे मद्याचा व दुधाचा. पहिल्याचें नांव आमच्या घरांत निघणें कित्येकांस रुचणार नाहीं. पण ज्ञान कोणाच्या अंगणांतलें आहे हें पाहून नाकारण्यांत शहाणपणा नाहीं. पुण्यासारख्या शहरांतही २००९ पासून ताजी बिअर गाळणारीं गृहें निघालीं आहेत, आणि हा माल नळांतून वाढावयाचा म्हणजे नळीची निगा आलीच. अमेरिकेंतील बिअर गाळणाऱ्यांच्या संघाचा नियम असा : दर चौदा दिवसांनीं दाहक सोड्याचें दोन टक्क्यांच्या आसपासचें कोमट द्रावण नळींतून पंधरा मिनिटें फिरवावें, तोट्या सुट्या करून घांसाव्या, आणि दर तीन महिन्यांनीं आम्लानें धुऊन क्षारांचें किटण काढावें. अल्कलीनें प्रथिनें व चिकटा सुटतो, आम्लानें दगडासारखा क्षार सुटतो. एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं. आमच्या भगिनी चिंचेनें तांबें उजळतात आणि राखेनें तेलकट कढई घांसतात, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

दूधवाल्यांचा अनुभव आमच्या दृष्टीनें अधिक उपयोगी. पूर्वीं दुग्धालयांतील सर्व नळ रोज रात्रीं उलगडून, ब्रशानें घांसून, पुन्हां जोडीत असत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास नळ न उलगडतां जागच्या जागीं धुण्याची पद्धत निघाली. पुढें तिला आपोआप चालणाऱ्या झडपा व घड्याळें जोडण्यांत आलीं. आज महाराष्ट्रांतील मोठमोठ्या दूधसंघांचीं यंत्रें याच रीतीनें धुतलीं जातात. जर्मनींतील हेन्केल कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनीं १९५९ सालीं सांगितलेला हिशेब येथें फार सोपा व खरा आहे : कोणतेंही धुणें चार गोष्टींवर अवलंबून असतें. वेळ, उष्णता, रसायन आणि घर्षण. एक कमी पडली तर बाकीच्या वाढवाव्या लागतात. नळींत हात जात नाहीं, म्हणून घर्षणाचें काम पाण्याच्या वेगानेंच करावयाचें. ऑसबर्न रेनल्ड्स यांनीं १८८३ सालीं मँचेस्टर येथें कांचेच्या नळींत रंगाची रेघ सोडून दाखविलें कीं, मंद वाहणारें पाणी थरावर थर सरकल्यासारखें शांत जातें आणि वेग वाढला म्हणजे एकाएकीं घुसळूं लागतें. शांत पाणी भिंतीवरचा थर हलवीत नाहीं. घुसळणारें पाणी त्याला ओरबाडतें. दुग्धालयांत म्हणून वेग सेकंदास दीड मीटर ठेवतात. आपल्या सहा मिलिमीटरच्या नळींत तेवढा वेग यावयाला मिनिटास सुमारें अडीच लिटर पाणी लोटलें पाहिजे. वरच्या टांकींतून आपल्या वजनानें ओघळणारें पाणी हें काम करीत नाहीं, पंप हवा.

आतां तारकर्लीच्या पेयांकडे वळूं. कोकमाचा गोड पाक, ज्याला अमृतकोकम म्हणतात, तो घट्ट असतो तोंपर्यंत बराच टिकतो. साखर इतकी असते कीं जंतूंना वाढावयाला मोकळें पाणी उरत नाहीं. त्यांत पाणी पडलें कीं तोच पाक खमिराचें आवडतें खाद्य बनतो. म्हणून चांगल्या यंत्रांत पाक व पाणी निरनिराळ्या नळ्यांनीं येऊन अगदीं तोटीपाशींच मिसळतात. ज्या यंत्रांत सरबत कालवून मग नळींतून नेतात, तें यंत्र तारकर्लीच्या हवेंत घेऊंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे. आगळाची गोष्ट निराळी : त्यांत मीठ असतें, आणि आम्ल व मीठ मिळून पोलादालाही खातात. सोलकढी तर यंत्रांत घालूंच नये. नारळाच्या दुधांतील स्निग्धांश सुमारें चोवीस-पंचवीस अंशांखालीं गोठतो. थंड नळींत तो भिंतीला मेणासारखा बसतो, आणि त्याच्या आड जंतू सुखानें राहतात. तो काढण्यासाठीं एकदम कढत पाणी सोडलें तर प्रथिनें शिजून घट्ट चिकटतात. दुधाचें भांडें आधीं गार पाण्यानें विसळावें हा आमच्या आज्यांचा नियम याच कारणाचा. नारळाच्या दुधाला गारही चालत नाहीं, कढतही चालत नाहीं. चाळीसएक अंशांचें कोमट पाणी लागतें. सोलकढी वाटींतूनच प्यावी. ती तशीच चांगली लागते.

कोकमाचा एक गुण मात्र या कामीं उपयोगी पडतो. त्याचा लाल रंग आम्लांत लाल राहतो व अल्कलींत निळसर-हिरवट होतो. कपड्यावरच्या कोकमाच्या डागाला साबण लागला म्हणजे डाग कसा पालटतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. नळींतून सोड्याचें द्रावण फिरतांना परत येणारें पाणी असें रंगलेलें दिसलें, तर नळींत अजून कोकम शिल्लक आहे असें समजावें. परंतु याच्या उलट परीक्षा कोणी करूं नये. सरबतांत सोड्याचा थोडा अंश राहिला तरी कोकमाचें आम्ल त्याला झांकून टाकतें आणि रंग लालच राहतो. रंग चांगला दिसला म्हणून पेय निर्धोक, असें त्यावरून ठरत नाहीं.

येथें सगळ्या प्रकरणांतील खरा धोका येतो. नळी न धुतल्यानें पोट बिघडतें. पण ती अर्धवट धुतल्यानें घसा जळूं शकतो. २०१४ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील युटा राज्यांत एका उपाहारगृहांत, यंत्रें धुण्याचें दाहक द्रव्य साखर समजून चहांत मिसळलें गेलें, आणि त्याचा एक घोट घेतलेली स्त्री तोंड व अन्ननलिका भाजून अत्यवस्थ झाली. तेथें चूक नळीची नव्हती, डब्याची होती. पण द्रव्य तेंच. उन्हाळ्याच्या सुटींत दमलेल्या पोऱ्यानें रात्रीं अकरा वाजतां द्रावण नळींत भरलें, आणि सकाळीं दुसऱ्यानें न विचारतां तोटी उघडली, तर पहिला पेला बहुधा लहान मुलाच्याच हातीं जातो. शिवाय त्या पोऱ्याचाही विचार केला पाहिजे. उघड्या डोळ्यांनीं व उघड्या हातांनीं दाहक सोडा कालविणें हें नोकरीच्या नांवाखालीं कोणाला सांगण्याजोगें काम नव्हे. सोडा नेहमीं पाण्यांत टाकावा, सोड्यावर पाणी ओतूं नये. आणि क्लोरिनचें द्रव्य व आम्ल हीं कधींही एकत्र येऊं देऊं नयेत, कारण त्यांतून विषारी वायु निघतो. हे नियम कागदावर लिहून भिंतीला लावतां येतात. थकलेल्या माणसाकडून रोज पाळून घेणें कठिण.

म्हणून हें काम यंत्राकडे सोंपवावें, असें आम्ही म्हणतों. यंत्र माणसाहून अधिक हुशारीनें धुतें अशांतला प्रकार नाहीं. तें कंटाळत नाहीं, आणि त्याला नाहीं म्हणावयाला शिकवितां येतें. त्याची रचना फार अवघड नाहीं. एक लहान पंप, पाण्याचा, सोड्याचा, आम्लाचा व निर्जंतुक द्रव्याचा असे वेगवेगळे डबे, ज्यांचीं तोंडें एकमेकांना बसूं नयेत, विजेवर उघडमीट होणाऱ्या कांहीं झडपा, किती पाणी गेलें हें मोजणारें चक्र, उष्णतामापक, आणि या सर्वांवर हुकूम चालविणारी आगपेटीएवढी संगणक-पट्टी. रात्रीं गिऱ्हाईक संपलें कीं पट्टी प्रथम पाकाची व पिण्याच्या पाण्याची वाट बंद करते, कोमट पाण्यानें नळी विसळते, सोड्याचें द्रावण ठरल्या वेगानें ठरला वेळ फिरविते, पुन्हां विसळते, मग निर्जंतुक द्रव्य सोडते. पेरॅसेटिक आम्ल या कामीं बरें. त्याचें शेवटीं सिरक्यांतलें आम्ल, प्राणवायु व पाणीच होतें.

सर्वांत महत्त्वाचें तें शेवटचें विसळणें. तें पुरेसें झालें हें घड्याळावरून ठरवूं नये, पाण्यालाच विचारावें. सोडा किंवा आम्ल मिसळलेलें पाणी विजेला साध्या पाण्यापेक्षां पुष्कळ अधिक वाट देतें. नळींत जाणारें पाणी व बाहेर येणारें पाणी या दोघांची वीज वाहण्याची शक्ति सारखी झाली, म्हणजे नळींत परकें कांहीं राहिलें नाहीं. येथें तारकर्लीची एक अडचण ध्यानांत घ्यावी. समुद्रकांठच्या विहिरी उन्हाळ्यांत मचूळ होतात, आणि मचूळ पाणी मुळांतच विजेला अधिक वाट देतें. मुंबईच्या पाण्यावरून ठरविलेला आंकडा यंत्रांत घालून येथें आणला, तर यंत्र रात्रभर विसळीतच बसेल. आणि कंटाळून कोणी तो आंकडा सैल केला, तर सोडा राहिला तरी तें निर्धास्तपणें होकार देईल. यासाठीं ठरीव आंकडा नको. रोज त्या दिवशींच्या येणाऱ्या पाण्याशीं तुलना हवी.

दुसरी अडचण विजेची. वाऱ्या-वादळांत वीज जाते, आणि ती नेमकी सोडा नळींत असतांनाच जाणार नाहीं असें कोणी सांगावें ? म्हणून झडपा अशा घ्याव्या कीं वीज गेल्यावर त्या आपोआप मिटतील, आणि आपण कोणत्या पायरीवर होतों हें पट्टीनें विसरूं नये. वीज परत येतांच यंत्रानें ‘तयार’ असा दिवा लावतां कामा नये. पुन्हां पहिल्या विसळण्यापासून आरंभ करावा, आणि शेवटची परीक्षा उतरेपर्यंत तोटी उघडूंच नये. मालकानें कितीही घाई केली, दारांत पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहिल्या, तरी ती उघडूं नये. किल्ली फिरवून ही अट टाळण्याची सोय ज्या यंत्रांत ठेवलेली असते, तें यंत्र आपोआप चालणारें म्हणून विकूंच नये.

धातूविषयीं दोन शब्द. आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या पितळेंत ठेवला तर कळकतो, हें आपल्या स्वयंपाकघरांतलें पहिलें शास्त्र. सोड्याच्या यंत्रालाही तेंच लागू आहे : वायु मिसळलेलें पाणी आम्ल असतें आणि तांब्याच्या नळींत उलटें शिरलें तर तांबें विरघळवून विषबाधा करतें. म्हणून उलट वाहूं न देणारी झडप आवश्यक आहे. पोलाद घ्यावयाचें तर समुद्रकांठीं मॉलिब्डेनम असलेल्या जातीचेंच घ्यावें; साध्या जातीला खाऱ्या हवेनें व क्लोरिननें बारीक खड्डे पडतात, आणि अशा खड्ड्यांत जंतूंना घर मिळतें.

धुऊन निघालेलें पाणी कोठें जातें, हेंही पाहिलें पाहिजे. तारकर्लीची जमीन वाळूची. वर ओतलेलें खालीं झिरपतें, आणि विहीर तेथेंच असते. शेजारींच मालवणचें सागरी अभयारण्य आहे, १९८७ सालीं जाहीर झालेलें. सोड्याचें व आम्लाचें पाणी एका टांकींत एकत्र करून, एकमेकांनीं एकमेकांस मारल्यावर, विहिरीपासून दूर सोडावें. क्लोरिनचें पाणी मात्र त्या टांकींत येऊं देऊं नये.

इतकें सगळें करूनही एक काम यंत्राच्या हातीं येत नाहीं, तें म्हणजे तोटी. बाहेरच्या हवेला, माशांना व लोकांच्या बोटांना लागणारी जागा तीच. काळी बुरशी प्रथम धरते ती तेथेंच. ती रोज रात्रीं काढून, लहान ब्रशानें घांसून, निर्जंतुक पाण्यांत ठेवावी लागते. आपोआप चालणारें यंत्र घेतलें म्हणून तोटीकडे पाहणें सोडलेल्या दुकानापेक्षां, यंत्र नसून तोटी रोज काढणारें दुकान आम्ही पसंत करूं. पाहुण्यांनींही विचारावयाचा प्रश्न हाच : “तोटी काढून दाखवाल का ?” ज्याला ती काढतां येते व जो ती चटकन् काढतो, त्याच्या नळ्याही बहुधा धुतलेल्या असतात.

पावसाळ्यांत जलक्रीडा बंद होतात, पाहुणे कमी होतात आणि बरींच यंत्रें महिनोन् महिने झांकून पडतात. झांकण्यापूर्वीं पूर्ण क्षालन करून नळ्या रिकाम्या कराव्या व गाळलेली हवा फुंकून कोरड्या कराव्या. ओलसर नळी मिटून ठेवणें म्हणजे जंतूंना चातुर्मासाची सोय करून देणें होय. टोकांना टोपणें लावावींत, नाहीं तर कुंभारमाशी आंत माती भरते. सोड्याचा डबा यंत्राशेजारीं न ठेवतां, त्यावर मोठ्या अक्षरांत नांव लिहून, कुलुपांत ठेवावा. गणपतीनंतर यंत्र उघडतांना मऊ नळ्या पिवळ्या किंवा कडक झालेल्या दिसल्या तर त्या धुण्याच्या भरीस न पडतां बदलाव्या. नव्या नळीलाही एक पूर्ण क्षालन द्यावें. कारखान्यांतून ती एक वास घेऊन येते, आणि कोकमाचें सरबत तो पहिल्याच पेल्यांत उघडा पाडतें.